मदत हवी आहे: मत सारखं, वजन वेगळं; मग अधिमान्यता कुठून येते?

मंडळी, एका वाचनगटात 'सत्तेची अधिमान्यता' (legitimacy, म्हणजे राज्य करण्याचा रास्त हक्क) या विषयावर बोलायचं कबूल करून बसलोय आणि आता अडकलोय.

जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबरचं सोपं आहे: सत्ता नियमाने आली, लोक ते नियम मानतात, म्हणून ती अधिमान्य. पण नियमच तिरके असतील तर? अमेरिकी सिनेटमध्ये (तिथल्या संसदेचं वरिष्ठ सभागृह) सहा लाखांहून कमी वस्तीच्या वायोमिंग राज्याला दोन जागा, आणि जवळपास चार कोटींच्या कॅलिफोर्नियालाही दोनच. सगळं अगदी घटनेबरहुकूम!

ही विषमता निदान कागदावर दिसते तरी. मला छळतेय ती न दिसणारी विषमता. मतपेटीपाशी सगळे सारखे; पण उमेदवार कोण ठरवतं, प्रचाराला पैसा कोण पुरवतं, रांगेत उभं राहिल्याने कुणाची रोजी बुडते? बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ला घटना समितीत नेमक्या याच विसंगतीवर बोट ठेवलं होतं.

तर, विषमता कुठवर गेली की अधिमान्यता संपली म्हणायचं, याची कसोटी कुणी मांडली आहे का? 'लोक बंड करत नाहीत, म्हणजे त्यांना मान्य आहे' हे उत्तर कृपया नको, ऐकून कान किटलेत. राजकीय तत्त्वज्ञांपैकी जॉन रॉल्स आधी वाचू की युर्गेन हाबरमास?