इंदूरला नोटरी केलेलं मुखत्यारपत्र पुण्यात चालेल का?

प्रश्न: आई इंदूरला राहते, पुण्यातला फ्लॅट तिच्या नावावर आहे. तो विकण्यासाठी तिने माझ्या नावे कुलमुखत्यारपत्र इंदूरच्या नोटरीसमोर करून दिलं. घेणाऱ्याचे वकील म्हणतात, दुय्यम निबंधक (दस्त नोंदवणारे सरकारी अधिकारी) ते स्वीकारणार नाहीत. नोटरी भारतभर मान्य असते ना? आईला जिना उतरवत नाही.

उत्तर १: भारतभर मान्य असते, पण पुराव्यापुरती. भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 84 मुळे कोर्ट नोटरीसमोर झालेलं मुखत्यारपत्र खरं धरून चालतं, मग नोटरी कुठल्याही राज्यातला असो. मात्र शिक्क्यासोबत 'माझ्यासमोर सही केली' असा मजकूर आणि नोटरी रजिस्टरचा अनुक्रमांक हवा. नुसता 'अटेस्टेड' शिक्का असेल तर तिथेच अडतं.

नोंदणीचा नियम निराळा. नोंदणी अधिनियम, 1908 चं कलम 33 सांगतं की लिहून देणारी व्यक्ती भारतात राहत असेल, तर ती जिथे राहते तिथल्याच निबंधकासमोर मुखत्यारपत्र करून साक्षांकित करून घ्यायचं. म्हणजे इंदूरचं कार्यालय, पुण्याचं नाही. नोटरीची सवलत परदेशात राहणाऱ्यांना आहे. आईंना कार्यालयात नेण्याची गरज नाही: आजारपणामुळे येता येत नसेल तर निबंधक घरी येऊन खात्री करू शकतात. डॉक्टरांचा दाखला जोडून तसा अर्ज करा.

उत्तर २: स्टॅम्पचंही बघा, बहुतेक लोक इथेच अडकतात. दस्त बाहेरच्या राज्यात झाला आणि मिळकत महाराष्ट्रात असेल, तर महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाच्या कलम 19 प्रमाणे इथल्या दरातून तिथे भरलेली रक्कम वजा करून उरलेली भरायची. मुदत, दस्त पहिल्यांदा महाराष्ट्रात आल्यापासून 3 महिने. मोबदला न घेता जवळच्या नातेवाइकाला दिलेल्या मुखत्यारपत्रावर इथे 500 रुपये लागतात. मोबदला घेतल्याचा उल्लेख असेल तर खरेदीखताच्या दराने आकारणी होते, तेव्हा मसुद्यात 'विनामोबदला' आणि नातं स्पष्ट लिहा.

उत्तर ३: कोणी 2009 चा रजनी टंडन निकाल दाखवेल. मुखत्याराने स्वतःच दस्तावर सही केली असेल तर कलम 33 लागत नाही, असं सुप्रीम कोर्टाने त्यात म्हटलंय. पण त्याच्या भरवशावर विक्रीची तारीख ठरवू नका, घेणाऱ्याची बँकही साक्षांकित प्रतच मागेल. नवा मसुदा करताना फ्लॅट नंबर, सिटी सर्व्हे नंबर, आणि 'दस्तावर सही करणे, नोंदणीस सादर करणे, कबुलीजबाब देणे (म्हणजे दस्त करून दिल्याचं निबंधकासमोर मान्य करणे), रक्कम स्वीकारणे' हे अधिकार वेगवेगळे लिहा. नोंदणीच्या दिवशी आई हयात आहेत आणि मुखत्यारपत्र रद्द केलेलं नाही, असं घोषणापत्र तुम्हाला द्यावं लागेल.