इंदूर, समुद्र आणि पाण्याचं बिल

वर कुणीतरी म्हटलंय, बंदरापासून लांब असूनही इंदूर वाढलं, म्हणजे भूगोल गौण, प्रशासन महत्त्वाचं. अर्धंच पटलं.

समुद्र लांब हे खरंच. शेजारच्या पीथमपूर औद्योगिक वसाहतीचा माल कंटेनरात भरून मुंबईकडे किंवा गुजरातच्या बंदरांकडे पाठवायचा, म्हणजे घाट उतरणं आलं आणि डिझेलचा खर्च आला. पण काळी जमीन, तिच्यावरचा कापूस आणि म्हणून उभ्या राहिलेल्या गिरण्या, हे कोणत्या कलेक्टरनं दिलं? हुकुमचंद मिल काही उगाच इथे निघाली नाही.

खरी गोम पाण्यात आहे. माळव्याच्या नद्या (क्षिप्रा, गंभीर, आमची बिचारी कान्ह) उत्तरेला चंबळीकडे वाहतात. शहर पठारावर, साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर. नर्मदा विंध्याच्या खाली, निमाडात. नर्मदेच्या पाण्यासाठी शहरात आंदोलन झालं आणि १९७८ मध्ये नर्मदाकाठच्या जलूदहून सुमारे ७० किलोमीटरवरचं पाणी चढवून शहरात आलं. तेव्हापासून पंप चालूच आहेत. गल्लीत एक दिवसाआड ‘नर्मदा आली’ची हाक उठते आणि घरोघरी मोटारी घरघरतात, तेव्हा पालिकेच्या विजेच्या मीटरचा विचार कोण करतो!

पालिकेला मात्र करावाच लागला. २०२३ मध्ये तिनं हरित रोखे (पर्यावरणपूरक कामांसाठीचे कर्जरोखे) काढून २४४ कोटी उभे केले, ते जलूदलाच ६० मेगावॅटचा सौर प्रकल्प उभारायला. प्रशासन चांगलं, मान्य. पण ते रोखे काढायला लावले कुणी? विंध्याच्या चढानंच ना?