दुर्लक्ष नेमकं कोणाचं?

कारखान्यातल्या अपघातांबद्दल एका भाऊंनी लिहिलंय की ग्लोव्हज-हेल्मेट देऊनही कामगार वापरत नाहीत, म्हणून अपघात होतात. अर्धं खरंय. पण मे महिन्यात जळगाव एमआयडीसीत प्लास्टिकच्या चटईच्या नाहीतर पाइपच्या कारखान्यात नाइटला येऊन बघा भो. दिवसा बाहेर ४४-४५ डिग्री, आत एक्स्ट्रुडर, म्हणजे प्लास्टिक वितळवणारं मशीन, २०० च्या आसपास तापलेलं, माणूस बारा तास उभा राहून सकाळी घरी पत्र्याखाली झोपणार, म्हणजे झोप होतच नाही, अन् रात्री परत तेच टार्गेट.

आमच्याकडे स्क्रॅपच्या ग्राइंडरला (वाया गेलेलं प्लास्टिक बारीक करायचं मशीन) झाकण उघडलं की मशीन बंद पडायला लिमिट स्विच होता, तो तारेने बांधून ठेवलेला, कारण दरवेळी थांबलं तर माल कमी निघतो. बांधला ऑपरेटरनेच, मान्य. पण सुपरवायझर रोज तिथूनच जायचा ना?

कामाच्या ताणाचा अभ्यास करणाऱ्या रॉबर्ट कॅरासेकने १९७९ मध्येच मांडलंय की काम जास्त अन् हातात अधिकार काहीच नाही, तेव्हा ताण सगळ्यात वाईट. पुढे त्यात वरिष्ठांच्या, सोबत्यांच्या आधाराचाही मुद्दा आला. आधार म्हणजे काय, तर मशीन थांबवलं म्हणून शिव्या नको पडायला, एवढंच. ताण घालवायला योगा डे नंतर करा.

आणि ठेकेदाराकडे कामाला असलेली पोरं तर कुठल्या हिशोबातच नसतात. ईएसआयसी, म्हणजे कामगारांचा सरकारी विमा, असेल तर कामावर इजा झाल्यावर पगाराच्या ९० टक्के भत्ता मिळतो, पण ठेकेदार रिपोर्टच करत नाही, खासगीत टाके घालून हातावर थोडे पैसे ठेवतो. तुमचा ईएसआयसीचा विमा नंबर निघालाय का, ते आधी विचारून घ्या.