उष्णतेने रेणू तुटतात, तर मग जीवसृष्टीच्या आरंभी ती उपयोगी कशी पडली?

प्रश्न (रसायनशास्त्राची शिक्षिका, फोंडा)

नमस्कार. मी फोंडा तालुक्यातील एका उच्च माध्यमिक विद्यालयात अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवते. जीवसृष्टीच्या उगमात पृथ्वीच्या नैसर्गिक उष्णतेचा वाटा होता, असे वर्गात सांगत असताना एका विद्यार्थिनीने विचारले, “बाई, उकडलेले अंडे पुन्हा कच्चे होत नाही. उष्णता रचना मोडते, मग तिने जीव कसा घडवला?” तिची शंका मला रास्त वाटली. आरएनए या आनुवंशिक माहिती वाहणाऱ्या रेणूच्या कण्यातील रायबोज ही शर्करा १०० अंश सेल्सिअसच्या उदासीन पाण्यात ठेवली, तर सुमारे ७३ मिनिटांत निम्मी नष्ट होते. आरएनएमधील सायटोसिन या घटकाची तीच गत त्या तापमानाला साधारण १९ दिवसांत होते. शिवाय अमिनो आम्ले एकमेकांना जोडली जाताना पाण्याचा रेणू बाहेर पडावा लागतो, आणि सभोवती सगळा समुद्रच असेल, तर ही अभिक्रिया उलट दिशेनेच जाणार. या दोन्ही अडचणींतून वाट कशी काढायची, हे कृपया समजावून सांगावे.

उत्तर १ (भूविज्ञानाचा निवृत्त प्राध्यापक, वास्को)

बाई, आपल्या विद्यार्थिनीने नेमक्या जागी बोट ठेवले आहे. सगळीकडे सारखीच असलेली उष्णता काहीच घडवत नाही, ती फक्त मोडते. घडवण्याचे काम करते ती उष्ण आणि थंड यांतील तफावत, म्हणजे एका बाजूकडून दुसरीकडे सतत वाहणारी उष्णता. आरंभीच्या पृथ्वीवर या तफावतीला तोटा नव्हता. किरणोत्सारी मूलद्रव्यांपासून अंतर्भागात निर्माण होणारी उष्णता तेव्हा आजच्या कित्येक पट होती, उलट सूर्याचे तेज आजच्या सुमारे ७० टक्केच होते. खालून तापलेला खडक आणि वर गार पाणी, अशी ती मांडणी होती.

समुद्रतळावरील उष्ण झरे म्हटले की आपल्याला ३५० अंशांहून तप्त, काळा धूर ओकल्यासारखी दिसणारी धुराडी आठवतात. परंतु २००० साली अटलांटिक महासागरात ‘लॉस्ट सिटी’ नावाचे जे क्षेत्र सापडले, तेथील पाणी साधारण ४० ते ९० अंशांचे आणि अल्कधर्मी आहे. पाणी आणि प्रावरणातील खडक यांच्या अभिक्रियेतून तेथे हायड्रोजन बाहेर पडतो, आणि चुनखडीचे पांढरे मनोरे ६० मीटरपर्यंत वाढलेले आहेत. असे मनोरे भरीव नसतात, त्यांत असंख्य बारीक पोकळ्या असतात.

आता अशा एका पोकळीत शिरून पाहू. तिची एक भिंत उबदार आहे, दुसरी गार. पाण्यात विरघळलेले बहुतेक रेणू उष्ण भिंतीकडून गार भिंतीकडे सरकतात. गार भिंतीलगतचे पाणी जड असल्याने खाली उतरते आणि त्या रेणूंना तळाशी नेते, तर उबदार बाजूने वर चढणाऱ्या पाण्यात त्यांचे प्रमाण कमी राहते. हे चक्र अखंड चालले की पातळ द्रावणातील रेणू तळाशी दाटतात. म्युनिकच्या संशोधकांनी २००७ साली मांडलेल्या गणिती प्रारूपात एकेकटे न्यूक्लिओटाइड, म्हणजे आरएनए-डीएनएच्या साखळीतील सुटे दुवे, अशा पोकळ्यांत दहा कोटी पटींहून अधिक दाट होऊ शकतात, असे दिसले. तेथील गटाने २०२४ साली १७० मायक्रोमीटर रुंदीच्या, म्हणजे जाड कागद जेमतेम मावेल एवढ्या फटींत एका बाजूला २५ आणि दुसऱ्या बाजूला ४० अंश तापमान राखले, तेव्हा ५०हून अधिक प्रकारचे रेणू आपापल्या गुणांप्रमाणे वेगवेगळ्या प्रमाणात साठत गेले. अवघ्या १५ अंशांच्या फरकात हे घडले, उकळण्याची गरजच पडली नाही.

आणखी एक गोष्ट वर्गात सांगण्याजोगी आहे. कोविडच्या काळात घरोघरी परिचयाची झालेली पीसीआर चाचणी डीएनएच्या दोन साखळ्या तापवून विलग करते आणि गार करून त्यांवर नव्या साखळ्या जुळवते. उबदार आणि गार भिंतींमध्ये फिरणारे पाणी हे तापणे-निवणे आपसूक घडवून आणते.

उत्तर २ (मिठागराशी संबंधित, आगरवाडा, पेडणे)

बाईंच्या दुसऱ्या अडचणीविषयी थोडे लिहितो. आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या मिठागर आहे. भरतीचे पाणी मानशीतून, म्हणजे बांधातील झडपेतून, आत घेतले की ते एका वाफ्यातून दुसऱ्यात नेत नेत आटवले जाते. एप्रिलच्या दुपारी शेवटच्या वाफ्यापाशी बसून पाहिले, तर आधी कडेला, जिथे पाणी बोटभरही नसते, तिथे पांढरी साय धरते आणि मग ती मध्याकडे सरकते. पाणी निघून गेले की त्यात जे होते ते एकमेकांजवळ येते. जमिनीवरील उष्ण झऱ्यांच्या काठी हेच वारंवार घडले असेल, कोरडे होताना साखळ्या जुळल्या असतील आणि पुन्हा भिजताना मोकळ्या फिरल्या असतील, असे डेव्हिड डीमर आणि ब्रूस डेमर या संशोधकांचे म्हणणे आहे. ‘लहानशा उबदार तळ्या’ची कल्पना तर डार्विनने १८७१ साली एका पत्रातच मांडली होती.

मात्र माझ्या मिठागराचा दाखला येथे एका मर्यादेपर्यंतच चालतो, आणि ते मला मनापासून नोंदवावेसे वाटते. समुद्राच्या पाण्यातील क्षार मेदाम्लांच्या पातळ पिशव्या बनू देत नाहीत, आणि पेशीच्या आधी अशीच एखादी पिशवी हवी. म्हणूनच डीमर-डेमर गोड्या पाण्याच्या झऱ्यांवर भर देतात.

उत्तर ३ (सांगे)

दोन्ही उत्तरे वाचली. फक्त एवढे लक्षात ठेवावे की या प्रयोगांत रेणू तयारच घेतलेले असतात, ते दाटतात वा जुळतात, पण त्यांतून जीव निर्माण झालेला नाही. पुराव्याचेही तसेच आहे. गोवा-कर्नाटक सीमेवरील अनमोड घाटातील नाइस हा पट्टेदार खडक सुमारे ३४० कोटी वर्षांपूर्वीचा मानला जातो, परंतु तो स्वतःच उष्णता आणि दाब यांनी इतका पालटला आहे की त्यात तेव्हाचे रसायन शोधणे शक्य नाही. ऑस्ट्रेलियाच्या पिलबारा भागात मात्र सुमारे ३४८ कोटी वर्षांपूर्वीच्या थरांत उष्ण झऱ्यांच्या आणि सूक्ष्मजीवांच्या खुणा एकत्र टिकून आहेत.

प्रश्नकर्ती

आपणा सर्वांची आभारी आहे. हे वर्गात दाखवता येईल का?

उत्तर १ (वास्को)

रेणूंचे सरकणे डोळ्यांना दिसणार नाही, पाण्याचे चक्र मात्र दिसेल. काचेच्या अरुंद टाकीत पाणी भरून एका भिंतीला गरम पाण्याची पिशवी आणि समोरच्या भिंतीला बर्फाची पिशवी लावा. उबदार भिंतीच्या पायथ्याशी पोटॅशियम परमँगनेटचा एक खडा अलगद सोडा. जांभळी रेघ वर चढेल, पृष्ठभागाखालून पलीकडे जाईल आणि बर्फाच्या बाजूने खाली उतरेल. नंतर टाकी रिकामी करून ती सर्वत्र सारख्याच कोमट पाण्याने भरा, पाणी पूर्ण स्थिरावू द्या आणि पिशव्या न लावता नवा खडा सोडा. पाणी ऊबदारच आहे, तरीही रंग तळाशीच रेंगाळताना मुलांना दिसेल.