पूर बचाव पथक: दाखल्यावर गुन्हा निघालेल्या पोहणाऱ्याला घ्यावं की नाही?

कृष्णाकाठ_उपसरपंच

नमस्कार मंडळी. मी पलूस तालुक्यातल्या नदीकाठच्या एका गावाची उपसरपंच आहे. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. ज्याच्याबद्दल विचारतेय तो पोरगा लगेच ओळखू येईल.

पावसाळ्याच्या आत गावाचं स्वतःचं बचाव पथक उभं करतोय. २२ जणांची नावं आली. तालुक्याच्या बैठकीत तोंडी सांगण्यात आलं की सगळ्यांचे चारित्र्य पडताळणीचे दाखले घेऊन ठेवा. मला ते पटलं, कारण खाली सांगते. २१ दाखले स्वच्छ आले. बाविसाव्यावर गुन्हा निघाला. २०१६ च्या गणपती विसर्जनाच्या मिरवणुकीत मारामारी झाली होती, भादंवि ३२४, ५०४, ५०६, म्हणजे इजा, अपमान आणि धमकीची कलमं. खटला अजून चालू आहे, तारखा पडतात. तेव्हा तो १९ वर्षांचा होता.

आता हा पोरगा कोण ते ऐका. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलाची पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती, आमच्या गल्लीत छातीच्या वर पाणी. बोट आली नव्हती. यानं गुऱ्हाळावरची काईल, म्हणजे उसाचा रस उकळायची मोठी कढई, ओढत आणली आणि दोन-दोन म्हातारी माणसं त्यात बसवून देवळाच्या उंचवट्यावर नेली. माझ्या सासूबाईंना त्यानंच काढलं. काईल गरगर फिरायला लागली तशा त्या दोन्ही हातांनी कडी धरून ओरडायला लागल्या. हा दोरी दातात धरून पोहत होता. दोरी हातात घेतली, वळला आणि म्हणाला, "आज्जे, पाण्याकडं बघू नको, माझ्या डोक्याकडं बघत ऱ्हा." सासूबाई अजून सांगतात की त्याच्या डोक्यावर दोन भोवरे आहेत.

मग दाखला हवाच कशाला, असं कुणी म्हणेल. तर दुसरी गोष्ट. आम्हाला एका शाळेच्या निवारा केंद्रात ठेवलं होतं. दुसऱ्या रात्री पाठीवर 'स्वयंसेवक' छापलेला टी-शर्ट घातलेला एक माणूस बायका झोपलेल्या वर्गात बॅटरी घेऊन तीनदा आला. "पाणी हवंय का कुणाला?" असं विचारायचा आणि बॅटरीचा झोत पांघरुणांवरून हळूहळू फिरवायचा. माझी पुतणी तेव्हा नववीत. ती फळ्याखालच्या भिंतीला पाठ लावून पहाटेपर्यंत बसून राहिली, मी जागी असूनही मला बोलली नाही. सकाळी तो माणूस गायब. कुठल्या गावचा, कुणी पाठवलेला, कुणालाच माहीत नाही. तक्रार द्यायची तर नाव काय लिहायचं?

त्या रात्रीमुळं मी पडताळणीच्या बाजूची आहे. पण तीच पडताळणी आता गावातल्या सगळ्यात चांगल्या पोहणाऱ्याला बाहेर ठेवायला निघालीय. सदस्यांत दोन तट पडलेत. दाखल्याला किती महत्त्व द्यायचं, आणि त्याशिवाय आणखी काय बघायचं, हे अनुभवी माणसांनी सांगावं.

निवृत्त_हवालदार

ताई, खात्यात ३१ वर्षं काढली, शेवटची काही वर्षं ठाण्यात गोपनीयचं काम बघायचो. पासपोर्ट आणि चारित्र्य पडताळणीचे अर्ज माझ्याच टेबलावरून जायचे, म्हणून लिहितो.

त्या दाखल्याचा अर्थ एवढाच की पोलिसांच्या नोंदीत या नावावर काही आहे किंवा नाही. आम्ही ठाण्याचं रेकॉर्ड बघतो, सीसीटीएनएसवर, म्हणजे पोलिसांच्या संगणकावरच्या नोंदीत, नाव टाकतो, बीट अंमलदार गावात विचारपूस करतो, मग कागद वर जातो. ज्याची कधी तक्रारच झाली नाही त्याचा दाखला स्वच्छच येणार. तुमच्या त्या बॅटरीवाल्याचाही बहुधा स्वच्छच आला असता. लैंगिक गुन्ह्यात शिक्षा झालेल्यांची राष्ट्रीय पातळीवरची नोंद सप्टेंबर २०१८ पासून आहे, पण ती फक्त तपास यंत्रणांना बघता येते. ग्रामपंचायतीला नाही.

म्हणून कागद घ्याच, पण त्याच्या जोडीला पोलीस पाटलांसोबत अर्धा तास बसा. कोण दारू पिऊन घरी हात उचलतो, कुणाला शाळेच्या आवारातून दोनदा हाकललं, हे त्यांना माहीत असतं. गावच्या बायकांना तर त्याहून जास्त. त्यांना वेगळं बसवून विचारा, पुरुष समोर असताना कोणी बोलणार नाही.

आणि एक कळकळीची विनंती. हे दाखले व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. माणसाचा पत्ता, जन्मतारीख, गुन्हा सगळं त्यावर असतं. एकदा फिरलं की परत गोळा होत नाही.

वकीलीण_मिरज

ताई, आधी एक गोष्ट स्पष्ट करते. खटला चालू आहे याचा अर्थ तो दोषी ठरलेला नाही. सभेच्या इतिवृत्तात 'गुन्हेगार पार्श्वभूमी' असले शब्द लिहू नका, 'प्रकरण न्यायप्रविष्ट' एवढंच लिहा. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली असली तरी २०१६ चा गुन्हा जुन्या कलमांनीच चालेल, त्यामुळं कलमांचे आकडे बघून कुणी गोंधळ घालू नये.

नोकरीच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाचा २०१६ चा एक निकाल आहे, अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार. माणसानं खरी माहिती दिली की दडवली याला त्यात मोठं वजन दिलंय. तरुण वयातल्या किरकोळ प्रकरणाकडं नेमणूक करणाऱ्यानं दुर्लक्ष करायला हरकत नाही, असंही म्हटलंय. पण खरं सांगितलं म्हणून घेतलंच पाहिजे असं नाही, एकूण विचार करून ठरवायचं. तुमचं पथक म्हणजे नोकरी नव्हे, तरी विचार करायची पद्धत तीच ठेवा. ३२४ म्हणजे शस्त्रानं किंवा घातक वस्तूनं केलेली इजा. एफआयआरची प्रत मागवून वाचा. हातात काय होतं? काठी, कडं की कोयता? आणि मुख्य म्हणजे, दाखला यायच्या आधी त्यानं स्वतः तुम्हाला सांगितलं होतं का?

कुपवाड_ते_कॅलिफोर्निया

मी मूळची सांगलीकडची, गेली काही वर्षं कॅलिफोर्नियात आहे. इथं गावोगाव सर्ट नावाची शेजाऱ्यांची आपत्ती पथकं असतात, त्यातल्या एका पथकात मी आहे. लॉस एंजेलिसच्या अग्निशमन दलानं ही पद्धत १९८५ मध्ये सुरू केली, १९९३ पासून ती देशभर गेली. प्रशिक्षणात पहिल्याच दिवशी १९८५ च्या मेक्सिको सिटीच्या भूकंपाबद्दल सांगतात. तिथं साध्या लोकांनी ढिगाऱ्यातून जवळपास ८०० माणसं काढली, पण काढता काढता शंभरावर स्वयंसेवक स्वतः मेले. ते ऐकून मला आपला पूर आठवला होता.

आमच्या गावात पद्धत अशी. शिकायला कुणीही यावं, दाराशी कुणी काही विचारत नाही. पण पथकाचं ओळखपत्र हवं असेल तर बोटांचे ठसे द्यावे लागतात, ते राज्याच्या न्याय खात्याकडं जातात. माझे ठसे तीन वेळा उमटले नाहीत. भांडी आणि बागकाम करून बोटांच्या रेषाच झिजल्यात. तिथल्या मुलीनं माझ्या बोटांना मलम चोळलं, एकेक बोट काचेवर स्वतः दाबून धरलं, तेव्हा कुठं उमटले. नंतर हात वर करून शपथ घ्यायची. हे सगळं झाल्याशिवाय हिरवं हेल्मेट घालून कुणाच्या घरात जाता येत नाही.

तरी खरा भरवसा ठशांवर नाही, आम्ही कसं काम करतो त्यावर आहे. एकट्यानं कुठंच जायचं नाही, कायम जोडी. कामावर आलं की वहीत नाव आणि वेळ, जाताना पुन्हा वेळ. संकटात आपणहून धावून आलेल्या अनोळखी माणसाला परत पाठवत नाहीत, त्याचं नाव लिहून घेतात आणि वाळूच्या पोत्यांसारखं उघड्यावरचं, चारचौघांतलं काम देतात. ताई, तुमच्या त्या शाळेच्या दारात एक वही आणि एक बाई बसलेली असती तर तो माणूस आत आलाच नसता, असं मला फार वाटतं.

पंचगंगा_बोट

मी आपदा मित्रचं, म्हणजे सरकारच्या आपत्ती स्वयंसेवक योजनेचं, १२ दिवसांचं प्रशिक्षण घेतलंय, कोल्हापूरकडं बोटीवर काम केलंय. माझं मत वेगळं आहे. कागदावर एवढा जोर दिला तर पोरं येणारच नाहीत. दाखल्यासाठी ऊसतोड सोडून ठाण्याच्या चकरा कोण मारणार? ज्याला खाकीची भीती बसलीय तो तर मुळीच नाही, आणि नदीत सगळ्यात पुढं उडी मारणारा बऱ्याचदा तोच असतो.

८ ऑगस्ट २०१९ ला ब्रह्मनाळला नाव उलटली तेव्हा काय चुकलं होतं ते तुमच्या तालुक्याला मी सांगायला नको. नावेत माणसं मावत नव्हती तरी चढत राहिली. तुमचे निम्मे प्रश्न बोटीत किती माणसं आणि अंगात जॅकेट आहे का, यावर असू द्यात. पडताळणी करायची तर मे महिन्यात संपवा. पाणी चढायला लागल्यावर कोण कुणाचा दाखला बघणार?

कृष्णाकाठ_उपसरपंच

सगळ्यांचे मनापासून आभार. काय झालं ते सांगते.

हवालदारकाका, तुमची विनंती वाचली तेव्हा मला घाम फुटला. दाखल्यांचे फोटो आमच्या ग्रुपवर आधीच पडले होते, 'सगळ्यांनी बघून घ्या' म्हणून. त्या रात्री ते काढायला लावले आणि ज्यांनी आपल्या फोनमध्ये ठेवले असतील त्यांच्या घरी स्वतः गेले. पण दोन दिवस फोटो तिथं होते. त्याची आई दुकानात गेली तेव्हा कुणीतरी बोललं. ते मला भरून काढता येणार नाही. तिच्यापुढं हात जोडले. मूळ दाखले आता ग्रामसेवकांच्या कपाटात कुलपात आहेत, बघायचे तर मी आणि सरपंच दोघांनी मिळून.

मिरजेच्या ताई, एफआयआर वाचली. लेझीम होती हातात. समोरच्याच्या भुवईवर चार टाके पडले. आणि हो, त्यानं आधीच सांगितलं होतं. नाव देतानाच म्हणाला होता, "काकू, माझ्यावर केस हाय, मागनं बोंब नको." मीच तेव्हा कानाआड केलं.

टाके पडले त्यांच्या घरीही गेले. मागची गल्ली. चहा दिला नाही, ओट्यावरच बोलले. "केस मी मागं घेणार न्हाई. पण बोटीत त्यो असू दे. दुसरा कोण हाय तुमच्याकडं?" त्यांच्या भुवईतली ती बिनकेसांची रेघ बोलताना वर-खाली होत होती. मी जास्त काही विचारलं नाही.

पोलीस पाटलांसोबत बसले, आणि बचत गटाच्या बायकांना आमच्या माजघरात वेगळं बसवलं. त्याच्याबद्दल एकही बाई वावगं बोलली नाही. पण ज्याचा दाखला धुतल्या तांदळासारखा आहे अशा एकाचं नाव तिघींनी वेगवेगळ्या वेळी घेतलं. गेल्या वर्षी तो मुलींच्या एसटी थांब्यावर काय करायचा ते सांगितलं. त्याला पथकात घेतलेलं नाही. कारण जाहीर सांगितलं नाही, घरी बोलावून सांगितलं. घरचे नाराज आहेत. मुलींच्या आयांना विचारून पुढची तक्रार कशी द्यायची ते पाटलांबरोबर बघतेय.

आमचा पोहणारा बोटीवर आहे, जोडीला आपदा मित्र झालेला एक शिक्षक. पंचगंगा_बोट दादा, किती माणसं घ्यायची तो आकडा बोटीच्या दोन्ही अंगांना पिवळ्या रंगात रंगवून घेतलाय, आणि जॅकेट नसेल तर बोट सुटणार नाही. रिकाम्या घरांच्या किल्ल्या आणि निवाऱ्यातला बायकांचा वर्ग बचत गटाच्या १४ जणींकडं. रात्री आत कुणीही पुरुष एकटा जाणार नाही, सरपंचसुद्धा नाही. दाराशी वही. दोनशे पानी आणलीय, रेघा मारून झाल्यात: नाव, गाव, कुणाच्या ओळखीनं, आल्याची वेळ, गेल्याची वेळ.

पहिली रात्रपाळी वहीवर मीच बसणार म्हटलं होतं. पुतणी आता कॉलेजात आहे, ती म्हणाली, "काकी, पहिल्या रात्री मी बसते."

रविवारी घाटावर बोटीचा सराव आहे. सासूबाई येणार म्हणून हट्ट धरून बसल्यात.