थॅडियस स्टीव्हन्स: द्रष्टा की सूडाने पेटलेला पुढारी?

रानवाटा: अमेरिकेतली गुलामगिरी संपवल्याचं श्रेय राष्ट्राध्यक्ष लिंकनला दिलं की आपण मोकळे. सुटलेल्या माणसाने खायचं काय, हा प्रश्न लावून धरला तो पेनसिल्व्हेनियाचा वकील-खासदार थॅडियस स्टीव्हन्सने. सप्टेंबर १८६५ मध्ये लँकेस्टरच्या भाषणात त्याने हिशेबच मांडला: गुलामगिरीसाठी देशातून फुटून यादवी युद्ध लढलेल्या दक्षिणेतल्या बड्या बंडखोरांच्या जमिनी जप्त करा, मुक्त झालेल्या प्रत्येक प्रौढ पुरुषाला ४० एकर द्या, उरलेली विकून युद्धाचं कर्ज फेडा. हे झालं असतं तर दक्षिणेचा पुढचा इतिहास वेगळा असता, असं माझं ठाम मत.

जुना_वकील: आणि १८६३ मध्ये बंडखोर सैन्याने त्याचा लोखंडाचा कारखाना जाळला, ते सोयीस्कर विसरलात? राजद्रोह सिद्ध झाला तरी जप्ती त्या माणसाच्या हयातीपुरतीच, असं त्यांची राज्यघटना सांगते. इथे तर खटलाही नको! शिवाय १८२१ मध्ये हाच महात्मा एका गुलाम-मालकाचा वकील होता. खटला जिंकला आणि स्वातंत्र्य मागणारी चॅरिटी बटलर मुलांसकट परत गुलामीत गेली.

रानवाटा: १८२१ चा डाग आहेच, कोण नाकारतंय? पण १८३८ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या नव्या घटनेने काळ्यांचा मताधिकार काढला, तेव्हा त्याने सही करायला नकार दिला. कारखाना जळायच्या २५ वर्षं आधी सूड कसा घेतात, साहेब? घटनेबाबत त्याचं म्हणणं सरळ होतं: दक्षिण हा जिंकलेला मुलूख, तिथे युद्धाचा कायदा.

काळी_माती: मी शेतकरी घरातली. बैल, बी, उधारी नसेल तर ४० एकर सावकाराकडेच जाणार, ही माझी शंका. तरीही ‘मुक्त झालेल्यांना शेती जमलीच नसती’ असं कोणी म्हटलं तर ते मान्य नाही. जानेवारी १८६५ मध्ये उत्तरेच्या सैन्याचा सेनापती शर्मनच्या हुकुमाने त्यांना दक्षिणेच्या किनाऱ्यावरच्या जमिनी मिळाल्या, लोक कसायलाही लागले. त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष जॉन्सनने त्या जुन्या मालकांना परत केल्या. नालायक कोण ठरलं?

जुना_वकील: जॉन्सनची वकिली मी करत नाही. पण १८६७ मध्ये स्टीव्हन्सने जप्तीचं विधेयक आणलं तेव्हा त्याच्याच पक्षाने पाठ फिरवली. त्याउलट १८६६ मध्ये मुक्त झालेल्यांना नागरिकत्व आणि कायद्याचं समान संरक्षण देणारी चौदावी घटनादुरुस्ती मनासारखी नसतानाही त्याने स्वीकारली. मी देवदूतांत नाही, माणसांत राहतो, अशा अर्थाचं बोलला. तो स्टीव्हन्स मला पटतो.

रानवाटा: मलाही पटतो. पण तडजोडीला समोरचा अर्धं तरी द्यायला तयार हवा. जमिनीच्या बाबतीत २० एकर द्यायला कोण पुढे आलं होतं, तेवढं सांगा.