अनुभव धागा: मंडळीनं (म्हणजे चर्चच्या लोकांनी) धरून ठेवलं तेव्हा (मोठ्या साक्षी नकोत, छोटंच लिहा)

वेलीवरची:
जय ख्रिस्त मंडळी. काल नाशिकला रविवार कारंज्याला भाजी घेत होते. शेजारी एक बाई अर्ध्या लाल भोपळ्यासाठी घासाघीस करत होत्या, "चाळीसला दे नाहीतर राहू दे." मी ऐकत तिथंच उभी. भाजीवाला मला म्हणतो, ताई उरलेला अर्धा तुम्ही घ्या.

मला आमचा भोपळा आठवला होता. सहावीत असेन मी. सातपूरला पप्पा होते ती कंपनी बंद पडली, चार महिने घरात पगार नाही. त्यात कापणीचा सण आला. धाग्यावर इतर लोकही असतात म्हणून सांगते, आमच्याकडे दिवाळीनंतरच्या एका रविवारी जो तो आपापल्या घरचं, शेतातलं वेदीपुढे आणून ठेवतो. घोटीकडचे लोक तांदूळ, कोणी कांद्याची गोणी, कोणी ऊस, केळीचा घड. उपासना झाली की आवारात त्याचा लिलाव, पैसे चर्चला.

आमच्याकडे आणायला काही नव्हतं. आईनं कंपाउंडच्या भिंतीवरच्या वेलीचा एकुलता एक भोपळा काढला, धुतला, आणि त्याला खोबरेल तेल लावून चकचकीत केला. मला इतकी लाज वाटली की मी दोन बाक सोडून बसले.

लिलाव पुकारणाऱ्या काकांनी वीस रुपयांपासून सुरुवात केली. एकानं पन्नासला घेतला, पैसे ताटात टाकले आणि म्हणाला, "परत ठेवा." पुन्हा पुकारा. दुसऱ्यानं साठला घेतला, "परत ठेवा." मी मोजत होते, अकरा वेळा विकला गेला तो. शेवटी पाळकसाहेबांच्या (चर्चच्या धर्मगुरूंच्या) बाईंनी घेतला आणि आईच्या हातात आणून दिला. "आम्ही घरात दोघंच, एवढा कोण खाणार? तुम्हीच न्या बाई."

पैसे सगळे चर्चचे, आम्हाला त्यातली दमडी नाही. पण आई शहर बसमध्ये मांडीवर भोपळा घेऊन अशी ताठ बसली होती की कंडक्टरनं विचारलं, बक्षीस मिळालं का.

तुमचंही लिहा. मरणाच्या दारातून परत आलो वगैरे साक्षी आपण रविवारी ऐकतोच.

कोंबडेबुवा:
"परत ठेवा" आमच्याकडेही! फक्त आमचा कोंबडा होता. तिसऱ्यांदा परत ठेवताना दोरी सुटली आणि गडी पळत आत, उपदेश करतात त्या पुलपिटावरच थेट. पाळकसाहेब शांतपणे म्हणाले, "पेत्र कोण आहे तुमच्यात, त्यानं पुढे यावं." (कोंबडा आरवायच्या आत येशूला तीनदा ओळख नाकारणारा शिष्य तो.) त्यानंतर बोली डबल.

नीलमोहर:
हाहाहा. पेत्र आमच्या मंडळीत बरेच आहेत, कोंबडे कमी पडतील.

सिडकोची नात:
ताई, त्या भोपळ्याचं पुढे काय केलं? घारगे केले असतील तर कृती टाका ना. माझे तेलात फुटतात.

वेलीवरची:
@सिडकोची नात, घारगेच. भोपळा किसून गुळात शिजव, पूर्ण गार होऊ दे, मग त्यात मावेल तेवढीच कणीक. पाणी अजिबात नाही. फुटतात म्हणजे पीठ सैल होतंय तुझं. आणि खसखस लाव वरून.

रात्रपाळी:
अंबडला कंपनीत आहे. दोनपैकी एक रविवार हमखास ड्युटी. चर्च सुटत चाललं होतं खरं सांगायचं तर. आमच्या मंडळीतल्या एक आजी रोज पहाटे साडेपाचला व्हॉइस नोट पाठवतात. वचन आणि प्रार्थना. पाच मिनिटांची असते, मधे कुकरच्या शिट्ट्या, "थांब रे बाबा, दूध" असं पण. मी पाळी संपवून गेटबाहेर चहा घेताना ऐकतो. एकदा त्यांनी माझं नाव घेऊन प्रार्थना केली, की याच्या मशीनजवळ याला सांभाळ. मी कधी सांगितलं होतं मशीनवर काम करतो ते आठवत पण नाही. गेल्या महिन्यात दोन दिवस नोट आली नाही तर मीच फोन केला. मोबाईल पिठाच्या डब्यात पडला होता!!

आठ डबे:
बाबा दवाखान्यात होते तेव्हा महिला मंडळानं डब्यांची पाळी लावली होती. फार प्रेमानं. पण आपसात ठरवलं नाही कोणी काय आणायचं. आजारी माणूस म्हटल्यावर प्रत्येकीनं मुगाची खिचडी. आठ दिवस आठ घरची मुगाची खिचडी. नवव्या दिवशी बाबांनी डोळे उघडून पहिलं वाक्य काय म्हटलं असेल? "आज कोणाची?"

डबे परत करताना गोंधळ नको म्हणून प्रत्येकीनं झाकणावर नेलपॉलिशनं नाव घातलं होतं. एक डबा अजून आमच्याकडे आहे, त्या काकू आता नाहीत. मी त्यात लवंगा ठेवते.

बाळयेशू गल्ली:
आम्ही कॅथलिक, नाशिकरोड. आमची साक्ष म्हणजे बाथरूमची रांग. फेब्रुवारीत बाळ येशूची यात्रा असते तेव्हा मुंबई, वसई, गोवा, कुठून कुठून लोक येतात. लॉज फुल. मम्मी स्टेशनवर कोणी लहान पोरं घेऊन बसलेलं दिसलं की घरी घेऊन यायची. दोन खोल्यांत एका वर्षी एकोणीस माणसं. पप्पा गच्चीवर झोपले, फेब्रुवारीतली नाशिकची थंडी माहितीये ना. सकाळी नाक लाल. म्हणाले, गव्हाणीत जागा मिळाली असती तर बरं झालं असतं, निदान गाई तरी असत्या.

त्यातलं वसईचं एक कुटुंब अजून दर वर्षी येतं. आता त्यांची पोरं आमच्या पोरांना सुकेलीचं पुडकं आणतात. सुकेली म्हणजे वसईची सुकवलेली केळी, खाल्ली नसेल तर खा.

कोंबडेबुवा:
सुकेलीसाठी मी या फेब्रुवारीत स्टेशनवर बसायला तयार आहे. लहान पोरं भाड्यानं आणतो.

शेजारीण पंचवटी:
मी ख्रिस्ती नाही, चालेल ना लिहिलेलं? समोर एक कुटुंब राहायचं. नाताळच्या आधी त्यांची कॅरोलची टोळी रात्री दीडला यायची. आमचा कुत्रा सांताक्लॉजवर असा भुंकायचा की एकदा सांता रिक्षात चढून बसला, उतरेचना. पण आमची आजी जागी राहायची त्यांच्यासाठी. गाणी मराठी, चाल पण अभंगासारखी. आजी देवघरातून टाळ आणून दारात उभी. पुढच्या वर्षीपासून ते लोक आमच्याकडे मुद्दाम शेवटी यायचे, कारण चहा-पोहे आणि टाळ.

शाळामास्तर (निवृत्त):
चाल अभंगासारखी असण्याला कारण आहे. कवी रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, पण ओवी-अभंग काही सोडला नाही. ख्रिस्ती भजन आणि कीर्तन त्यांनी याच मातीतल्या वळणावर आणलं. आज आपण पेटी-तबल्यावर म्हणतो त्यातली कितीतरी पदं त्यांची. आणि लक्ष्मीबाई टिळक तर आपल्या नाशिकच्याच, जलालपूर हे त्यांचं जन्मगाव. नवऱ्याच्या धर्मांतरानंतर आधी वेगळ्या राहिल्या, सोवळं-ओवळं एकेक करत स्वतःच्या विचारानं सोडलं, काही वर्षांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. कुणी ढकललं म्हणून नव्हे. माझ्या आईचं दैवतच होत्या त्या.

जुना शरणपूरकर:
सर, तुम्ही सुरुवात केलीच आहे तर मी पण विषय सोडून जातो. शरणपूर रोडवरून रोज हजारो गाड्या जातात, नाव का पडलं कोणाला पत्ता नाही. १८५० च्या दशकात चर्च मिशनरी सोसायटीनं ही वसाहत केली. नव्यानं ख्रिस्ती झालेले, घरातून बाहेर काढलेले लोक इथं आले. आणि आफ्रिकन मुलं. गुलामांच्या जहाजांवरून इंग्रज आरमारानं सोडवलेली ही पोरं नाशिकला आणली, त्यांना इथं लिहायला-वाचायला, सुतारकाम, लोहारकाम शिकवलं. इतिहासात त्यांना "नाशिक बॉईज" म्हणतात.

त्यांच्यातलाच एक याकोब वेनराइट. १८७३ मध्ये आफ्रिकेत फिरणारा प्रसिद्ध मिशनरी-संशोधक लिव्हिंगस्टन वारला, तेव्हा त्याचं हृदय तिथंच झाडाखाली पुरलं. त्या वेळी अंत्यविधीची उपासना वाचली ती नाशिकला शिकलेल्या या पोरानं. झाडाच्या खोडावर अक्षरंही त्यानंच कोरली. मग सोबत्यांबरोबर कित्येक महिने चालत मृतदेह किनाऱ्यावर आणला. पुढे इंग्लंडपर्यंत गेला आणि एप्रिल १८७४ ला लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबी चर्चमध्ये शवपेटीला खांदा दिला.

ज्याला लहानपणी गुलाम केलं होतं तो पोरगा. इथल्या वर्गात बसून शिकला. मला उपासनेत झोप येते तेव्हा मी हे आठवतो, कारण तो वाचायला इथंच शिकला राव. त्यालाही झोप येत असेल.

नीलमोहर:
काय भो, जन्म गेला माझा शरणपूर रोडवर. मला वाटायचं कोणी शरण नावाचे गृहस्थ असतील.

मागचा बाक:
मी चार वर्षं चर्चला गेलो नाही. कारण लिहीत नाही, कमिटीची निवडणूक म्हटलं की ज्यांना कळायचं त्यांना कळेल. कुठली मंडळी तेही विचारू नका. बायको-मुलांना गेटवर सोडायचो आणि बाहेर मिसळ खायचो. चार वर्षांत मिसळीचं मोठं शिक्षण झालं.

एका रविवारी पाऊस होता, मिसळवाला बंद. गेलो आत. गेटवर दोघांनी "अरे वा, रस्ता चुकलात?" केलंच. परत फिरणार होतो. छत्री उघडत नव्हती म्हणून थांबलो. मग सगळ्यात मागच्या बाकावर बसलो. शेजारी एक आजोबा, त्यांना आता दिसत नाही. गीत सुरू झालं, मी तोंडातल्या तोंडात म्हणत होतो. दुसऱ्या कडव्याला त्यांनी आमच्या मधली काठी उचलून पलीकडे ठेवली आणि म्हणाले, "सरक इकडे. वरचा सूर अजून बेसूरच लावतोस."

संडे स्कूलला त्यांनीच शिकवलेलं. आता दर रविवारी ती काठी मी उचलून पलीकडे ठेवतो. कमिटी आहे तशीच आहे.

सिडकोची नात:
गेटवर टोमणे मारणाऱ्यांसाठी वेगळा धागा काढा कोणीतरी. मी पहिली लिहीन. लग्नाला पाच वर्षं झाली, मला दर रविवारी एकच प्रश्न असतो.

आठ डबे:
@सिडकोची नात, त्यांना मुगाची खिचडी दे आठ दिवस.

पाळकाची लेक:
सगळे मंडळीबद्दल लिहिताय, मी उलट्या बाजूनं. आमच्या बदल्या व्हायच्या. दर वेळी रडारड, ट्रक, शाळा बदला. एकदा नाशिकहून निघालो, नव्या गावी रात्री पोचलो. परसोनेजला (पाळकाच्या घराला) कुलूप असेल, धूळ असेल म्हणून मम्मी वाटेतच झाडू हातात घेऊन बसलेली. दार उघडलं तर खिडक्यांना पडदे लावलेले. निळे, बरोबर मापाचे. नाशिकच्या बायकांनी तिथल्या बायकांना फोन करून मापं मागवली होती आणि आमच्याच ट्रकमधून, आमच्या नकळत, शिवलेले पडदे आधी पाठवलेले... नाही नाही, ट्रक तर आमच्या बरोबरच होता. मग आधी कसे पोचले? आज पहिल्यांदा हा प्रश्न पडला. मम्मीला विचारते.

खजिनदार होतो:
मी अकरा वर्षं अर्पण मोजलं. दोघांनी मिळून मोजायचं, वहीत दोघांची सही, असा आमच्याकडे नियम. दर रविवारी थैलीत एक दहाची नोट यायची, इतक्या घड्या घातलेली की बोटाच्या पेराएवढी. उलगडायला वेळ लागायचा, माझा जोडीदार वैतागायचा. नोटेला कोथिंबिरीचा वास. कोणाची ते आम्हाला ठाऊक होतं, भाजी विकायच्या त्या. दाराजवळ बसायच्या आणि आशीर्वादाच्या आधीच निघून जायच्या, टोपली कोणाच्या तरी भरवशावर ठेवलेली असायची. त्यामुळे बाकी मंडळीत त्यांना फारसं कोणी ओळखतही नव्हतं.

एका जूनमध्ये दोन रविवार ती नोट आली नाही. पहिल्या रविवारी बोललो नाही. दुसऱ्या रविवारी मोजून झालं, सह्या झाल्या, आणि आम्ही दोघं टेबलाशी तसेच बसून राहिलो. मग तोच म्हणाला, "चल, बघून येऊ." शोधत शोधत गेलो. घसरून पडल्या होत्या, पाय प्लास्टरमध्ये, दहा दिवस एकट्या. शेजारची पोरगी पाणी-भाकरी देत होती. आम्हाला मान वर करवेना.

त्यांनी पहिलं काम काय केलं, उशाखालून दोन घड्या काढून माझ्या हातावर ठेवल्या. "दोन रविवारच्या राहिल्यात साहेब. पावती नको."

बायबलमधल्या, मंदिराच्या भांडारात दोन टोल्या म्हणजे दोन क्षुल्लक नाणी टाकणाऱ्या गरीब विधवेवर मी शंभर उपदेश ऐकले असतील. पण येशू त्या वेळी भांडारासमोर बसून कोण काय टाकतंय ते बघत होता, ही ओळ मी थैली हातात आल्यावरच नीट वाचली. बघायला बसावं लागतं.

बाईंना पुढे सहा आठवडे डबा गेला. हो, मुगाची खिचडी पण होती.

वेलीवरची:
काका... शब्द नाहीत. ऑफिसात वाचलं, बाजूचीनं विचारलं काय झालं.

गुडघेदुखी:
सगळं वाचतेय. टाइप हळू होतं. मी पावसाळ्यापासून चर्चला गेले नाही. गुडघे. सिटीलिंक बसमध्ये चढते पण उतरता येत नाही, मागचे लोक ओरडतात. रिक्षा जाऊन येऊन परवडत नाही. मोबाईलवर उपासना बघते. प्रभुभोजनाच्या वेळी, भाकर आणि द्राक्षारस देतात तेव्हा, मोबाईल उलटा ठेवते.

रात्रपाळी:
मावशी, राहता कुठे? नंबर इथे टाकू नका, व्यनि (खासगी निरोप) करा.

गुडघेदुखी:
सिडको. व्यनि कुठून करतात ते माहीत नाही. नातू संध्याकाळी येतो.

रात्रपाळी:
मी अंबडहूनच निघतो, सिडको वाटेत. या रविवारी ड्युटी नाही, बायको माहेरी, पुढची सीट रिकामी. साडेआठला?

गुडघेदुखी:
साडेआठला नको बाळा, मला सुई घेऊन खावं लागतं. पावणेनऊ.

रात्रपाळी:
पावणेनऊ. पांढरी गाडी आहे, मागच्या काचेवर माशाचं स्टिकर.

गुडघेदुखी:
पांढऱ्या गाड्या खूप असतात. आणि मागची काच मला पुढून कशी दिसणार? हॉर्न वाजव दोनदा.